आफ्रिकाना अध्ययन आणि आपण

शाळेतून बारावीपर्यंत पोहोचलेल्या मुलामुलींसाठी आम्ही माजी विद्यार्थी ज्या मार्गदर्शन-बैठका घेतो, त्यांत अलीकडे एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील लहान महाविद्यालयांची माहितीपत्रके मुले आता स्वतःच मिळवितात. त्यांतील विषयांच्या यादीत गणित, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या ओळीत 'आफ्रिकाना स्टडीज' हे नाव त्यांना दिसते. मुले विचारतात, हे काय असते? पालक विचारतात, हे शिकून पुढे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसरा अधिकच रास्त, कारण ज्या घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयाची पायरी चढत आहे, त्या घराला मुलाच्या आयुष्यातील चार वर्षे नुसत्या गोड शब्दांच्या भरवशावर सोडता येत नाहीत. संपादक मंडळाने आम्हांस दिलेल्या या पृष्ठांत या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम नावाविषयी. आफ्रिका खंडातील देशांचा भूगोल वा राजकारण शिकणे म्हणजे आफ्रिकाना अध्ययन, असा समज सहज होतो. तसाही अभ्यास विद्यापीठांत चालतो. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठात १९५५ पासून आणि मुंबई विद्यापीठात १९७१ पासून त्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. आफ्रिकाना अध्ययनाचा परीघ याहून मोठा आहे. आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून जेथे जेथे नेली गेली, त्या अमेरिका, ब्राझील, कॅरिबियन बेटे या सर्व ठिकाणी त्यांनी व त्यांच्या वंशजांनी काय सोसले आणि काय घडविले, त्यांचे वाङ्मय, संगीत, धर्मजीवन, कायद्याशी व बाजाराशी आलेला त्यांचा संबंध, हे सारे या विषयात येते. हिंदी महासागराच्या काठावर स्थिरावलेले आफ्रिकी वंशाचे लोकही त्यात येतात आणि तेथे महाराष्ट्र आपोआप त्या नकाशावर उमटतो. इथिओपियात जन्मून बालपणीच विकला गेलेला आणि धन्यामागून धनी बदलत दख्खनेत आलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला, त्याने मोगलांना वर्षानुवर्षे थोपवून धरले, खडकी शहर वसविले आणि जमीन महसुलाची व्यवस्था लावली. १६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. वेरूळची लेणी पाहायला जाणाऱ्या सहली तिच्या अगदी जवळून जातात. तेथे थांबणाऱ्या मात्र विरळाच.

हा विषय विद्यापीठांनी आपण होऊन सुरू केला नाही. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेले कार्टर वुडसन यांनी १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली आणि १९२६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिनाभर तो साजरा होतो. परंतु महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात त्या इतिहासाला स्वतःचे घर नव्हते. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तो मार्च १९६९ पर्यंत, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळ चालला. त्या संपाच्या तडजोडीतून कृष्णवर्णीय अध्ययनाचा स्वतंत्र विभाग पक्का झाला. १९६९ मध्येच कॉर्नेल विद्यापीठात जेम्स टर्नर यांच्या नेतृत्वाखाली जे केंद्र निघाले, त्याने 'आफ्रिकाना' हे नाव घेतले. पुढील काही वर्षांत लहान महाविद्यालयांतही असे विभाग उघडले. या विषयाच्या मुळाशी एक साधी मागणी होती : आमच्याविषयी आजवर इतरांनी लिहिले, आता आम्ही वाचू, तपासू आणि लिहू. विषय नवखा असला तरी ही मागणी आपल्या वाचकांस अपरिचित वाटू नये.

'लहान महाविद्यालय' म्हणजे कमी प्रतीचे, असा आपल्याकडे ग्रह असतो. अमेरिकेत 'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हणून जी संस्था ओळखली जाते, ती मुद्दाम लहान ठेवलेली असते. सर्व वर्षे मिळून दोन-अडीच हजार विद्यार्थी, बहुतेकांचा मुक्काम आवारातच, आणि भर केवळ पदवीच्या शिक्षणावर. पहिली दोन वर्षे विद्यार्थी विज्ञान, गणित, भाषा, इतिहास यांपैकी अनेक विषय चाखतो आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपला मुख्य विषय ठरवितो. आफ्रिकाना अध्ययन मुख्य विषय घेणाऱ्या मुलीने त्याच वेळी जीवशास्त्रही घेतले, तर कोणी भुवया उंचावत नाही. वर्गात पंधरा-वीस जण असतात. एखाद्या सत्रात एकाच टेबलाभोवती बसून फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ सालचे आत्मकथन, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे निबंध, त्रिनिदादचे एरिक विल्यम्स यांचा भांडवलशाही आणि गुलामगिरीवरील १९४४ सालचा ग्रंथ, टोनी मॉरिसन यांची कादंबरी, यांची पाने वाचून आणायची आणि शिक्षकासमोर आपले मत मांडायचे. शिक्षकाचे मत लिहून घेऊन परीक्षेत उतरवून काढण्याची सोय तेथे नाही. आपल्या मुलांना जड जाते ते नेमके हेच. इंग्रजी दोन सत्रांत सुधारते. 'सर, मला हे पटले नाही' असे म्हणण्याचे धैर्य यायला वेळ लागतो.

वसतिगृहात वाढलेल्या मुलांना मात्र अशा महाविद्यालयाची एक बाजू ओळखीची वाटेल. एका ताटात जेवणारी आणि एका दिव्याखाली वाचणारी माणसे एकमेकांना शिकवितात, हा अनुभव त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी घेतलेलाच असतो.

आता हा विषय आपल्यापासून किती दूरचा, ते पाहू. त्यासाठी ग्रंथालयात जाण्याआधी आपल्या शिवाराकडे पाहावे. जळगाव जामोदच्या काळ्या जमिनीत कापूस फार पूर्वीपासून पिकतो. परंतु तो घरच्या चरख्यापुरता न राहता सातासमुद्रापार जाऊ लागला, त्या घटनेचे एक टोक अमेरिकेतील गुलामांच्या पाठीवर आहे. १८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीत होती आणि इंग्लंडमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस त्यांच्या श्रमातून येत असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि मँचेस्टरच्या गिरण्या थंडावल्या. गिरणीमालकांची नजर तेव्हा हिंदुस्थानावर, त्यातही वऱ्हाडावर पडली. निजामाकडून १८५३ मध्येच इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार आपल्या हाती घेतला होता. भाव चढले, पेरा वाढला, व्यापारी आले. युद्ध १८६५ मध्ये संपले, गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली, आणि भाव कोसळले. परंतु कापसाची व्यवस्था येथे मुक्कामाला राहिली. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला गेला. खामगावची बाजारपेठ नावारूपाला आली आणि १८७० साली जलंब ते खामगाव ही रेल्वेची शाखा केवळ त्या बाजारासाठी टाकण्यात आली. आपल्यापैकी अनेकांनी जलंबला गाडी बदलताना त्या फाट्याकडे पाहिले असेल; त्याचा संबंध मिसिसिपीच्या मळ्यांशी आहे, हे आम्हांस शाळेत कोणी सांगितले नव्हते.

याचा पुढचा भाग अधिक विचार करायला लावतो. मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मिळाली नाही. ते जुन्याच मालकांच्या शेतात वाट्याने कापूस पिकवू लागले आणि बियाण्यापासून किराण्यापर्यंत सारे उधारीवर घेत कर्जात रुतले. इकडे वऱ्हाडातही नगदी पिकाखालची जमीन वाढत गेली, सावकारीचा फास आवळत गेला, आणि १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत धान्य विकत घ्यायला पैसा नसलेली माणसे मेली. दोन्हीकडची कहाणी एकच आहे असे आम्ही म्हणत नाही. येथील शेतमजूर विकला जाणारा गुलाम नव्हता, आणि तेथील वाटेकऱ्यास गावकुसाबाहेरची विहीर ठाऊक नव्हती. परंतु एकाच बाजाराने दोघांच्या ताटातील भाकरीचे माप ठरविले, ही गोष्ट खरी आहे आणि आफ्रिकाना अध्ययनाच्या वर्गात ती शिकविली जाते. तेथे बसलेल्या आपल्या तालुक्यातील विद्यार्थ्यापाशी सांगण्यासारखे काही असेल. तो केवळ ऐकणारा राहणार नाही.

कापसाचा विषय निघालाच आहे, तर वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकाचा उल्लेख टाळता येत नाही. ते न वाचलेला मराठी शिक्षक सापडणे कठीण. सततच्या कापसाने झिजलेल्या जमिनीत भुईमुगासारखी पिके घ्या, असे दक्षिणेतील गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना सांगत फिरणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे गुलाम आईचे पुत्र होते. १८९० साली त्यांना प्रवेश मिळाला तो आयोवातील सिम्प्सन कॉलेज या अशाच एका छोट्या महाविद्यालयात, आणि तेथे ते प्रथम चित्रकला शिकत होते. त्यांच्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ ओळखला तो तेथील चित्रकलेच्या शिक्षिकेने. आपण मात्र ते पुस्तक चिकाटीचा धडा म्हणून वाचतो आणि ज्या समाजातून तो माणूस आला, त्याविषयीचा प्रश्न बाजूला ठेवतो. त्या प्रश्नापासूनच या विषयाचा अभ्यास सुरू होतो.

मराठी माणसाने हा प्रश्न पूर्वी विचारलाच नाही, असे मात्र नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. त्या काळी पुण्यात राहून एवढ्या दूरच्या घटनेचा अर्थ इतका अचूक लावणे ही सामान्य गोष्ट नव्हे. आपल्या व्यासपीठांवरून या अर्पणपत्रिकेचा उल्लेख दरवर्षी होतो. परंतु त्या मुक्त झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे सांगणारा वक्ता क्वचितच भेटतो.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही वस्ती आहे. ती कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती म्हणून त्याच काळात आकार घेत होती. पुढे गुलाम आणि अस्पृश्य यांच्या स्थितीची तुलना त्यांनी आपल्या लेखनात सविस्तर केली. जुलै १९४६ मध्ये, संविधान सभेचे काम सुरू होण्याच्या सुमारास, त्यांनी ड्यू बॉइस यांना एक छोटे पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यासक आहोत, असे सांगून त्यांच्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या. भारतातील अस्पृश्यांसाठीही तसे पाऊल उचलण्याचा विचार त्यामागे होता. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सहानुभूतीचे उत्तर धाडले. हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय आणि कोलंबियाचा हा विद्यार्थी, या दोघांचा पत्रव्यवहार एवढाच. पण दोघेही एकमेकांचा प्रश्न अभ्यासून बोलत होते.

हा वारसा महाविद्यालयाच्या वर्गात आणण्याचे काम मराठीत प्रथम जेथे झाले, तेही एक लहान महाविद्यालयच होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस १९५० साली सुरू केलेले आणि पुढे मिलिंद हे नाव लाभलेले ते महाविद्यालय. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे, नागसेनाचे, नाव परिसराला, ही योजना किती अर्थपूर्ण आहे! खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथील वसतिगृहांत राहत. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी तेथील कृष्णवर्णीय लेखकांचे वाङ्मय या तरुणांपुढे ठेवले आणि आपलेही असे वाङ्मय का असू नये, ही चर्चा पेटविली. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच वातावरणात वाढले. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहून मराठी वाचकाला त्या जगाची पद्धतशीर ओळख करून दिली. (शीर्षकातील शब्द त्या काळी रूढ होता, आज तो अपमानकारक मानला जातो आणि मुलांनी तो वापरू नये.) १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा तिच्या तरुण संस्थापकांनी नाव घेतले ते १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. सारांश, 'आफ्रिकाना' हा शब्द आपल्याकडे येण्यापूर्वीच तो अभ्यास येथे आला होता. विभाग नव्हता, इतकेच.

उलट दिशेचा प्रवासही झाला. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या चळवळीवर प्रबंध सादर केला आणि त्यानंतर १९९७ पर्यंत त्या मिनेसोटातील कार्लटन कॉलेज या लहान महाविद्यालयात इतिहास शिकवीत राहिल्या. त्या मराठी शिकल्या होत्या, दलित कवितेचे अनुवाद त्यांनी केले, आणि अमेरिकेच्या थंड प्रदेशातील मुलांना त्यांनी महाड व नागपूर ही नावे अर्थासह शिकविली. मोठ्या विद्यापीठांनी ज्या विषयाकडे बराच काळ दुर्लक्ष केले, तो एका छोट्या महाविद्यालयात एका बाईंनी अठ्ठावीस वर्षे जिवंत ठेवला. आज नांदेडचे सूरज एंगडे यांनी जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन हार्वर्डमध्ये संशोधन केले आहे, आणि सिनसिनाटी विद्यापीठातील इतिहासकार शैलजा पाईक यांना २०२४ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आहे. दोघांच्याही लेखनात दलित आणि कृष्णवर्णीय यांच्या अनुभवांची तुलना आहे.

तुलनेविषयी एक सावधगिरीची सूचना करणे आम्हांस आवश्यक वाटते. जात म्हणजे वंश, असे समीकरण मांडून मोकळे होण्याचा मोह या विषयाच्या विद्यार्थ्याला होतो. बाबासाहेबांनीच तो नाकारला आहे. जाती या भिन्न वंशांतून निर्माण झाल्या, हे मत त्यांनी १९३६ सालच्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात खोडून काढले आणि अस्पृश्यतेला वांशिक आधार नाही, हे १९४८ च्या ग्रंथात पुन्हा तपशिलाने मांडले. कातडीचा रंग लपविता येत नाही. आडनाव बदलता येते, पण जात विचारणारा माणूस गाव विचारतो, मग आळी विचारतो. बाबुराव बागूल यांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे शीर्षकच जात चोरण्याविषयी आहे, ते उगाच नव्हे. साम्य पाहून आधार मिळतो; भेद पाहिल्याने समज वाढते, आणि महाविद्यालयात जायचे ते या दुसऱ्या कामासाठी.

आता पालकांच्या प्रश्नाकडे. ही पदवी घेताच ठराविक नोकरी समोर येत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. हा विषय घेतलेले विद्यार्थी पुढे कायदा, अध्यापन, पत्रकारिता, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, संग्रहालये अशा क्षेत्रांत जातात आणि त्यासाठी बहुधा पुढची पदवी घ्यावी लागते. घरी कर्ज असेल आणि तीन वर्षांत मिळकत सुरू होणे भाग असेल, तर आम्ही हा मार्ग सुचविणार नाही. खर्चाचे म्हणाल तर अशा महाविद्यालयांचा वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरांच्या वर जातो. हा आकडा ऐकूनच बहुतेक घरे विषय मिटवितात. परंतु अॅमहर्स्ट आणि बोडन यांसारखी काही महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याचा अर्जही आर्थिक ऐपत न पाहता तपासतात आणि प्रवेश दिल्यास त्याची सिद्ध झालेली गरज पूर्णपणे भागवितात. प्रवेश अत्यंत कठीण. मिळाला तर पैशाची अडचण उरत नाही. मुलींसाठी स्मिथ व वेलस्ली ही केवळ स्त्रियांची निवासी महाविद्यालये आहेत आणि दोन्हीकडे आफ्रिकाना अध्ययनाचा विभाग आहे.

आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि डॉक्टरेटच्या शिक्षणासाठी मिळते, पहिल्या पदवीसाठी नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे जातीचा इतिहास परदेशी जाऊन शिकण्याचे एक दार बंद झाले. हा निर्णय आम्हांस अन्यायाचा वाटतो. अटी वरचेवर बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षी बुलढाण्याच्या समाजकल्याण कार्यालयात स्वतः चौकशी करावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

अमेरिकेतील पदवीच्या प्रवेशाचे अर्ज साधारणपणे बारावीच्या वर्षातच, जानेवारीच्या आरंभापर्यंत करावे लागतात; तेव्हा तयारी दहावीच्या सुट्टीपासून हवी. अर्जाबरोबर स्वतःविषयी निबंध लागतो. त्यात गरिबीचे वर्णन करण्यापेक्षा आपण काय वाचले आणि त्यातून कोणता प्रश्न पडला, हे लिहिणे अधिक उपयोगाचे ठरते. ड्यू बॉइस यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. ते अॅमहर्स्ट गावातच, अॅमहर्स्ट महाविद्यालयाच्या शेजारी आहे. बाबासाहेबांचे ते पत्र तेथेच जपलेले असून त्याची छायाप्रत संगणकावरही पाहता येते. या वर्षी आम्ही त्या पत्राची मोठ्या आकारातील प्रत, वाघमारे यांचा ग्रंथ, 'गुलामगिरी' आणि 'एक होता कार्व्हर'च्या दोन प्रती शाळेच्या ग्रंथालयात देत आहोत. नववीच्या वर्गापासून त्या घरी नेता येतील.